मानेगावचा दगड आणि आकाशातला ठिपका

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी घरात बोलायची भाषा, लिहायची नाही. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर आमच्या मजल्यावरच्या मुली आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "लिही, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो." तेव्हा भाषेच्या चुका त्यांच्या, आकड्यांच्या चुका माझ्या!

गोष्ट एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातली. सबमिशनचे दिवस. रात्री साडेनऊला लाईट गेली आणि अख्खं होस्टेल गच्चीवर आलं. राहुरीत लाईट गेली की एक फायदा होतो, आकाश एकदम जवळ येतं. एका सीनियर ताईकडे पक्षी बघायची दुर्बीण होती, दहा बाय पन्नासची. ती मागून घेतली आणि आग्नेयेला तूळ राशीत लावली. त्या दिवसांत व्हेस्टा नावाचा लघुग्रह तिथे असणार, एवढं मी वाचून ठेवलं होतं.

पण दुर्बिणीत दिसले नुसते ठिपके. दहा-बारा सारखेच ठिपके! त्यातला व्हेस्टा कोणता? यावर उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. कागदावर सगळे ठिपके जसे दिसतात तसे काढायचे. दोन दिवसांनी पुन्हा काढायचे. जो हलला तो आपला. आम्ही २७ एप्रिल, २९ एप्रिल आणि १ मे अशा तीन रात्री चित्रं काढली. दुसऱ्या रात्री रेक्टर मॅडम वर आल्या, "काय चाललंय गं पोरींनो अंधारात?" म्हणाल्या, आणि मग स्वतःच दुर्बिणीला डोळा लावून दहा मिनिटं उभ्या राहिल्या. तिसऱ्या रात्री चित्रं शेजारी ठेवली. सगळे ठिपके जागच्या जागी, एक मात्र सरकत चालला होता. दोन दिवसांत साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. सापडला!

मी उड्या मारत होते. माझी रूम पार्टनर शांतपणे म्हणाली, "अगं, एवढ्याशा ठिपक्यासाठी तीन रात्री? त्याचा आपल्याशी संबंध काय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे काही दिवसांनी मी भारतात पडलेल्या अशनींची यादी चाळत होते. अशनी म्हणजे आकाशातून जमिनीपर्यंत पोचलेला दगड. त्या यादीत एक नाव वाचून मी थांबले. मानेगाव. खान्देश. साल १८४३. जुन्या नोंदीत 'एदलाबादजवळ' असं लिहिलेलं. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. आणि माझी पार्टनर मुक्ताईनगरची!

तो दगड ज्या जातीचा आहे, त्या जातीचे दगड व्हेस्टावरून येतात असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे संबंध होता, आणि तोही तिच्याच तालुक्याशी. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचं, थोडं उशिरा दिलेलं, उत्तर आहे.

चौथा क्रमांक

मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लहानमोठ्या खडकांचा एक पट्टा सूर्याभोवती फिरतो. त्याला लघुग्रहांचा मुख्य पट्टा म्हणतात. त्यातला पहिला लघुग्रह सेरेस १८०१ मध्ये सापडला, दुसरा पॅलस १८०२ मध्ये, तिसरा जुनो १८०४ मध्ये. चौथा व्हेस्टा. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हाइनरिश ओल्बर्स नावाच्या डॉक्टरांनी २९ मार्च १८०७ रोजी तो शोधला. दिवसा पेशंट आणि रात्री आकाश, असा त्यांचा कार्यक्रम. पॅलससुद्धा त्यांनीच शोधलेला. नाव ठेवायचा मान त्यांनी गाउस यांना दिला. हो, तेच गाउस, ज्यांच्यामुळे आपण गणिताच्या पेपरात घाम गाळतो. त्यांनी रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचं नाव दिलं, व्हेस्टा. आपल्याकडच्या अग्निदेवतेसारखंच काहीसं. हे नाव किती चपखल बसलं ते पुढे कळेल.

पाचवा लघुग्रह सापडायला १८४५ साल उजाडलं. म्हणजे मानेगावला दगड पडला तेव्हा जगाला फक्त चारच लघुग्रह माहीत होते. त्यातल्याच एकाचा तुकडा खान्देशातल्या शेतशिवारात येऊन पडलाय, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

कक्षा: कॅल्क्युलेटर काढा

पृथ्वी ते सूर्य या सरासरी अंतराला एक खगोलीय एकक म्हणतात, म्हणजे साधारण १५ कोटी किमी. व्हेस्टाचं सूर्यापासून सरासरी अंतर २.३६ एकक आहे. कक्षा पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे. तिची विकेंद्रता ०.०८९. त्यामुळे व्हेस्टा सूर्याच्या जवळात जवळ २.१५ एककांवर येतो आणि लांबात लांब २.५७ एककांवर जातो. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा ७.१ अंशांनी कललेली आहे.

एक वर्ष किती मोठं? केप्लरचा तिसरा नियम अकरावीत पाठ केलेला आठवत असेलच. अंतर खगोलीय एककात घ्या, त्याचा घन करा, मग वर्गमूळ काढा. २.३६ चा घन १३.१४. त्याचं वर्गमूळ ३.६३. झालं! व्हेस्टाचं एक वर्ष म्हणजे आपली ३.६३ वर्षं, साधारण तीन वर्षं साडेसात महिने. आपली डिग्री चार वर्षांची. व्हेस्टावर ॲडमिशन घेतली असती तर सव्वा वर्षाच्या आत इंजिनिअर! एटीकेटी लागली तर गोष्ट वेगळी.

दिवस तर त्याहून मजेशीर. व्हेस्टा स्वतःभोवती ५ तास २० मिनिटांत एक फेरी मारतो. म्हणजे उजेड सुमारे २ तास ४० मिनिटं आणि अंधारही तेवढाच. सूर्योदयाला तीन तासांचा पेपर सुरू झाला तर शेवटचा प्रश्न मेणबत्तीत लिहावा लागेल.

अंग-पिंड

व्हेस्टा पूर्ण गोल नाही. थोडा चेपलेल्या बटाट्यासारखा आहे. तीन दिशांची मापं साधारण ५७३, ५५७ आणि ४४६ किमी. सरासरी व्यास ५२५ किमी. राहुरीहून नागपूर सरळ रेषेत जवळपास ५०० किमी आहे, म्हणजे व्हेस्टाचा व्यास साधारण तेवढाच. तरीही पट्ट्यात वस्तुमानाच्या बाबतीत तो सेरेसनंतर दुसरा.

सेरेस ९४० किमीचा, जवळपास दुप्पट. मग पृथ्वीवरून सगळ्यात ठळक व्हेस्टा का दिसतो? रंगामुळे. सेरेस काळपट आहे, त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ९ टक्के तो परत पाठवतो. व्हेस्टा ४२ टक्के पाठवतो. आपला चंद्रसुद्धा सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणून पट्ट्यातला हा एकच लघुग्रह असा की अगदी काळ्याभोर आकाशात, तो पृथ्वीच्या जवळ असताना, नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. जवळ म्हणजे तरी किती? कमीत कमी १७ कोटी किमी!

त्याचं वस्तुमान २.५९ गुणिले दहाचा विसावा घात, इतके किलो. त्रिज्या २६२ किमी धरली की गुरुत्वत्वरण सुमारे ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. राहुरीच्या साखर कारखान्यातलं ५० किलोचं पोतं तिथे सव्वा किलोचं वाटेल. पण ते फेकून बघायला जाल तर सावध! वजन कमी झालं तरी वस्तुमान ५० किलोच आहे, भिंतीवर आदळलं तर भिंत पडेलच. ताशी १५० किमी वेगाने सरळ वर फेकलेला क्रिकेटचा चेंडू तिथे सुमारे साडेतीन किमी उंच जाईल आणि मग परत येईल. कायमचा निघून जायला ताशी १३०० किमी वेग लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घनता. वस्तुमानाला घनफळाने भागलं की ३.४६ ग्रॅम प्रति घन सेंमी येते. व्हेस्टाच्या पृष्ठभागावर बेसॉल्टसारखा खडक आहे आणि बेसॉल्टची घनता तीनच्या आसपास असते. मग वरचा फरक आला कुठून? उत्तर एकच, पोटात काहीतरी जड आहे. लोखंड! सुमारे ११० किमी त्रिज्येचा लोखंडाचा गाभा, त्यावर जाड खडकाचं आवरण आणि सगळ्यात वर लाव्हाचं कवच. म्हणजे पृथ्वीसारखीच रचना, फक्त छोट्या भांड्यात.

आपला काळा दगड

बेसॉल्ट हा शब्द ऐकून घाबरू नका. आपल्या विहिरी ज्यात खोदतात, घाटात रस्त्याच्या कडेला ज्याचे थर दिसतात, जुन्या वाड्यांची जोती ज्याची असतात, तो काळा दगड म्हणजेच बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचा हा दगड. नगर जिल्हा त्यावरच उभा आहे, आणि तिकडे मुक्ताईनगरही.

व्हेस्टाचं कवचही थंड झालेल्या लाव्हाचंच. फक्त तो लाव्हा साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा, सूर्यमाला नुकतीच जन्मली होती तेव्हाचा.

पण इथे एक अडचण आहे. ५२५ किमीचा गोळा वितळेल इतकी उष्णता आली कुठून? पृथ्वी मोठी आहे, तिची उष्णता आत कोंडून राहते. लहान वस्तू लवकर थंड होतात, चहाच्या पातेल्यापेक्षा कपातला चहा आधी निवतो तसं. मग हा कप वितळला कसा?

याचं उत्तर देण्यात एका भारतीय दगडाचा वाटा आहे. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलां इथे एक अशनी पडला. तोही व्हेस्टाच्याच जातीचा, बेसॉल्टचा. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी, श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी, त्यात मॅग्नेशियम-२६ नेहमीपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. त्यांचं काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. मॅग्नेशियम जास्त म्हणजे काय? तर तिथे आधी ॲल्युमिनियम-२६ होतं. हे ॲल्युमिनियम किरणोत्सारी. सुमारे सात लाख वर्षांत ते निम्मं होतं, उरलेल्या निम्म्याचं पुन्हा तेवढ्याच काळात निम्मं, आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. व्हेस्टा इतक्या लवकर तयार झाला की हे इंधन अजून शिल्लक होतं. ते त्याच्या पोटात जळलं आणि तो आतून वितळला. लोखंड तळाला गेलं, हलका लाव्हा वर आला. दोनेक कोटी वर्षं उशीर झाला असता तर इंधन संपलेलं असतं आणि व्हेस्टा म्हणजे नुसता दगडगोट्यांचा ढीग राहिला असता. चुलीच्या देवतेचं नाव चपखल का, ते आता कळलं ना?

विवर

व्हेस्टाजवळ आजवर एकच यान गेलंय, नासाचं डॉन. २७ सप्टेंबर २००७ ला निघालं आणि जुलै २०११ मध्ये व्हेस्टाच्या कक्षेत शिरलं. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथून निघून ते पुढे सेरेसला गेलं. पृथ्वीपलीकडच्या दोन वेगवेगळ्या वस्तूंच्या कक्षेत राहिलेलं हे पहिलं यान. २०१८ मध्ये इंधन संपून त्याचं काम थांबलं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गंमत. डॉनचं इंजिन झेनॉन वायूचे आयन मागे फेकायचं आणि त्याचा जास्तीत जास्त जोर ०.०९ न्यूटन होता. आपल्या जर्नलची दोन कोरी पानं तळहातावर ठेवा, तेवढाच! यानाचं वजन निघताना सव्वा टनाच्या आसपास. शून्यापासून ताशी ९० किमी वेग गाठायला चार दिवस. आपली एसटीही बरी. पण एसटी थांब्याथांब्याला थांबते, हे इंजिन महिनोन् महिने चालू राहतं. रोज थोडं थोडं करणाऱ्याचं शेवटी काय होतं, हे परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. मी स्वतः त्यातलीच.

डॉनने जवळून पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दक्षिण ध्रुवावरचं विवर, रियासिल्व्हिया. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने त्याची चाहूल दिली होती, डॉनने ते नीट मोजलं. व्यास ५०५ किमी! म्हणजे ५२५ किमीच्या वस्तूवर ५०५ किमीचा खड्डा. आपलं बुलढाण्याचं लोणार हेही बेसॉल्टमध्येच आघाताने झालेलं विवर, पण त्याचा व्यास सुमारे १.८ किमी. रियासिल्व्हियाच्या मधोमध एक डोंगर उभा आहे, २० किमीहून उंच. आपल्या जिल्ह्याचा अभिमान कळसूबाई १६४६ मीटर. एकावर एक बाराहून जास्त कळसूबाई रचा, तेव्हा कुठे बरोबरी होईल.

हा धक्का सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी बसला असावा. त्याने व्हेस्टाचा साधारण शंभरावा हिस्सा उडवला. मघाचा ताशी १३०० किमीचा आकडा आठवा. ज्या तुकड्यांना त्याहून जास्त वेग मिळाला ते परत खाली आलेच नाहीत. आजही व्हेस्टाच्या आसपासच्या कक्षांत त्याच रंगाचे छोटे लघुग्रह झुंडीने फिरताना दिसतात. त्यांना व्हेस्टाची पोरं म्हणा.

पट्ट्यातून पृथ्वीपर्यंत

पण पट्ट्यात फिरणारा तुकडा पृथ्वीवर कसा येईल? मध्ये कोट्यवधी किमी अंतर, आणि कक्षा ठरलेली. इथे गुरू मदतीला येतो.

पुन्हा कॅल्क्युलेटर. सूर्यापासून २.५ एककांवर असलेली वस्तू किती वर्षांत फेरी मारते? २.५ चा घन १५.६२५, वर्गमूळ ३.९५ वर्षं. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची. भागाकार करा. बरोबर तीन! म्हणजे गुरूच्या एका फेरीत त्या वस्तूच्या नेमक्या तीन फेऱ्या होतात. त्यामुळे गुरूची ओढ दर वेळी त्याच तालात बसते. झोपाळ्यावर बसलेल्याला दर हेलकाव्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला की झोका किती उंच जातो? तेच हे. व्हायब्रेशनच्या तासाला आपण ज्याला रेझोनन्स म्हणतो तेच.

झोका वाढतो म्हणजे कक्षा लांबट होत जाते. ती आधी मंगळाची कक्षा ओलांडते, मग पृथ्वीची. साधारण दहा लाख वर्षांच्या आसपास वस्तू पट्ट्याबाहेर फेकली जाते. म्हणून २.५ एककांवर पट्ट्यात चक्क रिकामी जागा आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डॅनिएल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये अशा रिकाम्या जागा दाखवून दिल्या.

व्हेस्टा २.३६ वर, हा सापळा २.५ वर. शेजारीच! १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांना व्हेस्टाच्या रंगाचे छोटे लघुग्रह व्हेस्टापासून थेट या सापळ्याच्या काठापर्यंत पसरलेले सापडले. जणू पायवाटेवर सांडलेले दाणे. वाट कोणती, ते त्यांच्यावरून कळलं.

पावती काय?

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की मानेगावचा दगड याच वाटेने आला याचा पुरावा काय? कुणी येताना पाहिलं?

नाही पाहिलं. पुरावा तुकड्या-तुकड्यांचा आहे. पहिला, रंगाचा. प्रत्येक खनिज प्रकाशातले ठराविक रंग शोषतं. १९७० मध्ये मॅकॉर्ड, ॲडम्स आणि जॉन्सन यांनी व्हेस्टाचा वर्णपट घेतला, तो बेसॉल्टी अशनींच्या वर्णपटाशी जुळला. दुसरा, ऑक्सिजनचा. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण म्हणजे दगडाचं आडनाव. या जातीच्या बहुतेक अशनींचं आडनाव एकच निघतं. तिसरा, डॉनचा. यानावरच्या उपकरणाने व्हेस्टाच्या मातीतल्या लोहाचं प्रमाण मोजलं, तेही या अशनींशी जुळलं. चौथा, वर सांगितलेली वाट.

या घराण्यात तीन भावंडं आहेत. युक्राइट म्हणजे वरच्या कवचाचा बेसॉल्ट. डायोजेनाइट म्हणजे खोलवर सावकाश थंड झालेला, पायरॉक्सिनच्या मोठ्या स्फटिकांचा दगड. हॉवर्डाइट म्हणजे आघातांनी दोघांचा झालेला काला. पडताना पाहिलेल्या दर शंभर अशनींपैकी साधारण सहा या घराण्याचे असतात. मानेगावचा अशनी डायोजेनाइट आहे, म्हणजे वरवरचा नाही, खोलातला. तो बाहेर यायला तेवढाच खोल खड्डा पडायला हवा होता.

तरीही शंभर टक्के पावती कुणी फाडलेली नाही. काही थोडे बेसॉल्टी अशनी वेगळ्या आडनावाचे निघालेत, म्हणजे व्हेस्टासारखी आणखी घरं कधीकाळी असावीत. पण या घराण्यातल्या बहुतेक दगडांसाठी व्हेस्टाहून चांगला पत्ता आज कुणाकडे नाही.

पन्नास ग्रॅम

आता मूळ मुद्द्यावर येते. मानेगावला पडलेल्या दगडाचे तुकडे झाले आणि त्यातला आज जगात नोंदलेला भाग किती? सुमारे ५० ग्रॅम. मेसमध्ये भाजीत पडतो तो बटाट्याचा तुकडा असतो, तेवढा. बाकी कुठे गेला कुणाला माहीत नाही.

पण त्या पन्नास ग्रॅमनी काय काय केलं बघा. ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी मास्केलिन यांनी १८७० मध्ये त्याच्या खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही 'मानेगाव' हे नाव मथळ्यात देऊन. अशनीला तो जिथे पडला त्या जागेचं नाव देतात, म्हणून एका छोट्या खेड्याचं नाव जगभरच्या अशनींच्या सूचीत कायमचं नोंदलं गेलं. मास्केलिनना व्हेस्टाचा संबंध माहीत नव्हता, माहीत असणं शक्यही नव्हतं. वर्णपट शंभर वर्षांनी आला, यान त्यानंतर चाळीस वर्षांनी. प्रश्न विचारायची साधनं आली तेव्हा उत्तर द्यायला दगड जागेवर होता, कारण कुणीतरी मूठभर जपून ठेवला होता. ते पन्नास ग्रॅमही गेले असते तर मानेगावचं नाव कुठेच राहिलं नसतं.

असे दगड पुढेही पडणारच. आपल्याच राज्यात २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोलला अशनींचा वर्षाव झाला. तो व्हेस्टाचा नव्हता, वेगळ्या जातीचा होता. तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआयने तुकडे गोळा केले आणि त्यांच्यावर आजही काम होतंय. आपल्या देशात अशनी जतन करण्याची जबाबदारी जीएसआयची आहे. हे सगळं इथे लिहितेय कारण आपल्या होस्टेलमध्ये जवळपास प्रत्येक जिल्ह्यातली मुलं-मुली आहेत. उद्या तुमच्या शिवारात असं काही पडलं तर गावात पहिला फोन बहुधा इंजिनिअरिंगला असलेल्या तुम्हालाच येईल. तेव्हा एवढं करा:

• दगड हलवण्याआधी जागेचा, खड्ड्याचा फोटो काढा. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल.

• वेळ, दिशा, आवाज, उजेड, पाहणाऱ्यांनी काय सांगितलं, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा.

• दगड धुऊ नका, घासू नका. हळद-कुंकू, तेल लावू नका. श्रद्धेचा अनादर नाही, पण त्याने रासायनिक तपासणी बिघडते.

• लोहचुंबक लावून बघायचा मोह टाळा. दगडात साठलेली मूळ चुंबकीय खूण त्याने पुसली जाते.

• फोडून वाटू नका. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये किंवा कोऱ्या पिशवीत गुंडाळा आणि तहसील कार्यालयामार्फत जीएसआयला कळवा.

हे सगळं लिहून झाल्यावर मी पार्टनरला वाचून दाखवलं. तिने काहीच न बोलता गावाला फोन लावला, स्पीकरवर. "आबा, मानेगावला आकाशातून दगड पडला होता, तुम्हाला माहीत आहे का?"

"कधी?"

"१८४३ साली."

पलीकडे आबा जरा थांबले. "माझ्या आजोबांचा पण जन्म झाला नसेल गं तेव्हा. पडला असेल. आता आहे कुठे तो?"

पन्नास ग्रॅम, परदेशातल्या संग्रहात, असं तिने सांगितलं. आबा म्हणाले, "आणि बाकीचा?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाकीचा बहुधा शेतातल्या मातीत मिसळला असेल. किंवा एखाद्या बांधात, एखाद्या जोत्यात आपल्याच काळ्या दगडांच्या शेजारी बसला असेल, कुणाला पत्ता न लागू देता.

व्हेस्टा दर दीड वर्षाच्या आत एकदा पृथ्वीच्या जवळ येतो. पुढच्या वेळी तो आला की गच्चीची किल्ली मागायला मी रेक्टर मॅडमकडे जाणार आहे. दुर्बीण पहिल्यांदा पार्टनरच्या हातात. आबांनाही बोलवायचं, असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.